बेंचवर लावलंय का नुसतंच धुतलंय?

खोकं उघडलं आणि मी हरखलोच. आतला फ्युएल डिस्ट्रिब्युटर, म्हणजे इंजिनच्या सिलिंडरांना पेट्रोल वाटून देणारा भाग, बोहारणीकडून नुकत्याच घेतलेल्या स्टीलच्या डब्यासारखा चमकत होता. पंचेचाळीस वर्षं जुन्या गाडीचा भाग आहे असं सांगूनही कुणाला पटलं नसतं. मी लगेच अण्णांना, म्हणजे वडिलांना, व्हिडिओ कॉल लावला. आमच्याकडे जर्मनीत संध्याकाळचे पाच, कोल्हापुरात साडेआठ.

अण्णांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "चकाकतंय झ्याक. पर बेंचवर लावलंय का नुसतंच धुतलंय?"

"तपासलेलं आहे, असं लिहिलंय जाहिरातीत."

"कागद?"

"हा काय, बिल आहे."

"बिल न्हवं रं. रीडिंगचा कागद."

तो नव्हता. ३९० युरो मोजून झाले होते, वर जुन्या भागापोटी १५० युरो अनामत. आणि रीडिंगचा कागद मागायचा असतो हे मला, पंप-नोझलवाल्याच्या पोराला, सुचलंही नव्हतं.

अण्णांचं दुकान उद्यमनगरात. चाळीस वर्षं डिझेल पंप आणि नोझलचं काम. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गळीत हंगाम सुरू झाला की ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरचे पंप दारात रांगेनं पडलेले असायचे, आणि प्रत्येक ट्रॅक्टरवाला सांगायचा की माझी गाडी फडात उभी आहे, माझं आधी करा. दुकानात मायकोचं जुनं कॅलिब्रेशन बेंच. त्यावर पंप चढवायचा, मोटर लावायची, ठरलेल्या स्ट्रोकपुरतं डिझेल काचेच्या नळ्यांत पडू द्यायचं आणि नळ्यांतल्या पातळ्या डोळ्यासमोर आणून बघायच्या. लहानपणी मला ते सरबताच्या गाडीसारखं वाटायचं. पातळी सारखी आली की अण्णा आकडे लिहायचे, पंपाच्या स्क्रूवर पिवळ्या ऑइल पेंटचा एक ठिपका द्यायचे, अर्धा स्क्रूवर, अर्धा बॉडीवर. कुणी मधे खोललं तर ठिपका तुटतो, मग भांडायला येऊ नका.

हे सगळं बघत मोठा झालेलो मी अकरा वर्षांपूर्वी स्टुटगार्टला आलो, आणि तीन वर्षांपूर्वी इथल्याच एका निवृत्त गृहस्थांकडून १९७९ सालची मर्सिडीज २८० ई घेतली. डब्ल्यू १२३ मालिकेतली. रंग फिकट हस्तिदंती, म्हणजे नेमका जर्मन टॅक्सीचा. स्टेशनजवळून जाताना अजूनही एखादी आजी हात करते. तीस वर्षं उलटलेल्या गाड्यांना इथे नंबरप्लेटवर 'एच', म्हणजे 'ऐतिहासिक', मिळू शकतो, तो हिच्याकडे आहे. बायको म्हणते, त्या 'एच'चा अर्थ हौस.

गाडी घेतल्याचं कळवलं तेव्हा अण्णांचा पहिला प्रश्न होता, "डिझेलची का न्हाई घेतलीस? आपल्या ट्रॅक्सचंच इंजिन की." बरोबर होतं त्यांचं. याच मालिकेतल्या २४० डी गाडीचं २.४ लिटरचं ओएम ६१६ इंजिन पुढे आकुर्डीच्या बजाज टेम्पोनं बनवलं आणि ट्रॅक्समध्ये घातलं. कोल्हापूर-साताऱ्याकडे वडाप करणाऱ्या किती ट्रॅक्सचे पंप अण्णांनी उतरवले असतील त्याला गणती नाही. पण मला सहा सिलिंडरचं पेट्रोल हवं होतं. २७४६ सीसी, १८५ हॉर्सपॉवर, आणि वर बॉशची के-जेट्रॉनिक ही पेट्रोल-इंजेक्शन यंत्रणा. तिनंच पुढे मला नाचवलं.

या यंत्राबद्दल थोडं सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं रडगाणं कळणार नाही. के-जेट्रॉनिक १९७३ साली आली. 'के' म्हणजे कोन्टिनुअर्लिश, सतत. मूळ रूपात हिच्यात कॉम्प्युटर नाही. एका नरसाळ्यात बशीएवढी पत्र्याची चकती असते. इंजिन हवा ओढतं तशी ती चकती सरकते, तिच्या दांडीनं डिस्ट्रिब्युटरमधला प्लंजर वर ढकलला जातो, आणि प्लंजर जितका वर जाईल तितक्या बॅरलच्या उभ्या फटी उघड्या पडतात. फट ०.२ मिलिमीटर रुंद. प्रत्येक सिलिंडरला एक फट, एक नळी, एक इंजेक्टर. इंजेक्टर उघड-मीट करत बसत नाहीत, इंजिन चालू आहे तोवर फवारा अखंड. पिंडीवरच्या अभिषेकपात्रासारखं. फक्त इथे पात्र एक आणि पिंडी सहा, आणि सहाही पिंडींवर धार सारखीच पडली पाहिजे.

अण्णांना हे फोनवर समजावत होतो तर त्यांनी मधेच तोडलं. "म्हंजे एलिमेंटच की!" डिझेल पंपातल्या प्लंजर-बॅरलच्या जोडीला आपल्याकडे एलिमेंट म्हणतात. एकाचा प्लंजर दुसऱ्याच्या बॅरलमध्ये चालत नाही, जोडी जमवूनच केलेली असते. इथेही तसंच. फरक इतकाच की इनलाइन डिझेल पंपात प्रत्येक सिलिंडरला वेगळं एलिमेंट, आणि इथे सहा सिलिंडर मिळून एकच.

गाडीची तक्रार दुहेरी होती. सकाळी गार असताना सुरू व्हायची, पण काळा धूर आणि पेट्रोलचा असा वास की शेजारीण खिडकी लावून घ्यायची. आयडलिंगला इंजिन लंगडायचं. हा एक भाग. दुसरा जास्त लाजिरवाणा. लांबून गाडी चालवून आलो, पेट्रोल पंपावर थांबलो, पैसे देऊन परत आलो की सुरूच व्हायची नाही. पंधरा-वीस सेकंद स्टार्टर मारत राहायचं, मागे रांग, आणि जर्मन माणूस हॉर्न वाजवत नाही, नुसता बघतो. ते जास्त लागतं. एकदा एसलिंगनजवळ मागच्या गाडीतले दोघं न बोलता उतरले आणि ढकलून मला बाजूला लावून गेले.

ओळखीतल्या दोघा-तिघांनी सांगितलं, डिस्ट्रिब्युटर गेला. मी विश्वास ठेवला आणि विकत घ्यायला निघालो. काहीही न मोजता. चूक इथेच झाली होती, पण ती कळायला वेळ लागला.

इथल्या बाजारात दुरुस्त केलेल्या भागांसाठी शब्दांची अख्खी उतरंड आहे. 'गेराइनिग्ट' म्हणजे धुतलेला. 'गेप्र्युफ्ट' म्हणजे तपासलेला, कशानं ते विचारू नये. 'यूबरहोल्ट' म्हणजे दुरुस्त केलेला, आणि 'गेनरालयूबरहोल्ट' म्हणजे पार सगळं खोलून नव्यासारखा केलेला. आपल्याकडे या चारींना मिळून एकच शब्द, रिकंडिशन. म्हणून आपण निदान सावध तरी असतो. इथे शब्द इतके नेमके की ते खरेच असणार असं वाटतं. माझ्या खोक्यावर चौथा शब्द होता.

व्यवहाराची पद्धत बहुतेक ठिकाणी अदलाबदलीची. ते दुसऱ्या कुठल्यातरी गाडीचा दुरुस्त केलेला भाग पाठवतात, तुम्ही आपला जुना त्यांना द्यायचा. तो पोचेपर्यंत अनामत त्यांच्याकडे. त्या अनामतीला इथे आल्टटाइलफांड म्हणतात. बोहारणीचाच धंदा, फक्त दारावर न येता कुरियरनं चालणारा. अण्णांनी मात्र पहिल्याच दिवशी बजावलं, "तुजं हाय ते देऊ नगंस. नवं चाललं तर दे." हे ऐकलं म्हणून वाचलो.

डिस्ट्रिब्युटर उतरवणं तसं अवघड नाही. बॅटरीची वायर काढा, प्रेशर उतरवा, नळ्यांचे बँजो बोल्ट सोडा, खालचे स्क्रू काढा आणि सरळ वर उचला. फक्त उचलताना खालून हात द्यायचा असतो, कारण प्लंजर आत नुसता उभा असतो, त्याला धरून ठेवणारं काहीही नाही. मी वाचलं होतं हे. तरी विसरलो. उचलला, आणि पेन्सिलीच्या तुकड्याएवढी ती कांडी सरळ माझ्या बुटावर. बूट होता म्हणून, नाहीतर खाली काँक्रीट. मी घाबरून ती बोटांनी उचलली, चड्डीला पुसली आणि परत आत सरकवली. याचा हिशेब पुढे झाला.

नवा चकचकीत भाग बसवला. गाडी सुरू झाली, पण आधीपेक्षा वाईट. धूर जास्त, आयडलिंग आधीपेक्षा लंगडं, स्पार्क प्लग काजळीनं काळे. आणि वीस मिनिटं चालवून थांबवल्यावर परत तेच, सुरू व्हायला तयार नाही. दोन दिवस स्वतःला दोष दिला. तिसऱ्या दिवशी जुना आणि नवा शेजारी शेजारी ठेवले. या प्रकारच्या बॉश डिस्ट्रिब्युटरचे नंबर ०४३८१०० या आकड्यांनी सुरू होतात आणि शेवटचे तीन आकडे कुठल्या इंजिनासाठी ते सांगतात. आकार सारखा, भोकं सारखी, नळ्या सहा. शेवटचे तीन आकडे वेगळे.

विक्रेत्याचं म्हणणं, बसतो म्हणजे चालतो. मी म्हटलं, बसणं वेगळं. इंटरनेटवरून दुकानदाराकडून घेतलेली वस्तू चौदा दिवसांत परत करता येते, पण तुम्ही ती बसवलीत, वापरलीत, असं त्यांनी धरलं. आठ-दहा ईमेल झाल्या, माझं जर्मन या निमित्तानं बरंच सुधारलं. अखेर ६० युरो कापून बाकीचे आणि अनामत परत आली. परत पाठवताना मी एकदा नीट निरखून पाहिला तो भाग. स्क्रूंच्या खाचांत जुनी धूळ तशीच होती. बाहेरून काचेच्या मण्यांचा मारा करून चकाकी आणलेली, आत पाना गेलेलाच नाही.

मग अण्णांनी शाळा घेतली. "दवाखान्यात ताप न बघता सलाइन लावत्यात काय? घड्याळ लाव आधी." घड्याळ म्हणजे प्रेशर गेज. ८५ युरोत गेज, तीन तोंडांचा व्हॉल्व आणि जोडण्या असलेला संच मिळाला. सगळ्यात आधी घ्यायची वस्तू मी सगळ्यात शेवटी घेतली.

शेडमध्ये अग्निशामक नळकांडं ठेवलं, दार सताड उघडलं. पेट्रोल पाच बार दाबाखाली आहे आणि आपण त्याच्या नळ्या सोडतोय, हे विसरून चालत नाही. रिलेच्या जागी वायर जोडली म्हणजे इंजिन बंद ठेवून पंप चालवता येतो. गेज लावायचं ते डिस्ट्रिब्युटर आणि इंजिन गार की गरम त्यानुसार दाब ठरवणारा वॉर्म-अप रेग्युलेटर यांच्या मधल्या नळीत. व्हॉल्व बंद केला की सिस्टिम प्रेशर, म्हणजे यंत्रणेतला मुख्य दाब, दिसतं: ५.२ बार, ठीक. व्हॉल्व उघडला की कंट्रोल प्रेशर, म्हणजे प्लंजरच्या डोक्यावरून त्याला खाली दाबणारा दाब. गार इंजिनात हा कमी असतो, म्हणून प्लंजर सहज वर जातो आणि पेट्रोल जास्त मिळतं. जुन्या गाड्यांच्या चोकचं काम हेच करतं. माझ्या गाडीत तो इतका कमी होता की तक्त्यातल्या आकड्याच्या निम्मासुद्धा नाही. काळ्या धुराचं कारण हातात आलं.

रेग्युलेटर काढून बघितला तर त्याच्या डोक्यावरच्या खिळीवर हातोडीचे दोन स्पष्ट वळ. ही जुनी मेकॅनिकी युक्ती. खिळी आत ठोकली की आतली पट्टी सरकते, दाब उतरतो, मिश्रण श्रीमंत होतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल वाढतं. कुणीतरी कधीतरी एका सिलिंडरला पेट्रोल कमी पडतंय बघून सगळ्या सहांनाच जास्त पाजलं होतं. एका पोराला भूक लागली म्हणून साऱ्या पंगतीला पुन्हा वाढायचं, तसं.

आता तिसरं मोजमाप. पंप बंद केल्यावरसुद्धा दाब बराच वेळ टिकला पाहिजे. तो टिकला नाही तर इंजिनच्या उष्णतेनं नळ्यांतल्या पेट्रोलची वाफ होते आणि गरम गाडी सुरू होत नाही. माझा काटा चार मिनिटांत शून्यावर. मागच्या चाकाजवळ, पंपाच्या शेजारी, फ्युएल अ‍ॅक्युम्युलेटर नावाचा डबा असतो. आत रबरी पडदा आणि स्प्रिंग. स्प्रिंगच्या बाजूची बारीक नळी ओढून काढली, पंप चालवला, आणि त्या नळीच्या तोंडातून पेट्रोल टपटप पडायला लागलं. तिथे एक थेंबही यायला नको. पडदा फाटलेला. हा भाग नवाकोरा मिळतो, १२० युरोत आणला, गाडीखाली झोपून तासाभरात बसवला. पेट्रोल पंपावरची नाचक्की त्या दिवशी संपली. डिस्ट्रिब्युटरचा त्यात काडीचा संबंध नव्हता.

राहिलं लंगडणं. त्यासाठी अण्णांनी सांगितलं ते ऐकून मी हसलोच. "बरण्या घे सहा."

मी दारूकामाच्या दुकानातून, म्हणजे इथे लोक घरी फळांची दारू करतात त्यांचं दुकान असतं, तिथून १०० मिलिलिटरची सहा मोजपात्रं आणली. इंजेक्टर हेडमधून उपसून, नळ्यांना तसेच लटकते ठेवून, प्रत्येकाचं तोंड एकेका काचेत सोडलं. पंप चालू. मग नरसाळ्यातली ती चकती हळूच सरकवली. सहाही इंजेक्टर एकदम किंचाळायला लागले, चांगला इंजेक्टर बारीक आवाज करतोच. पहिली काच ५० वर पोचली तसा पंप बंद. गुडघ्यावर बसून पातळ्या डोळ्यासमोर आणल्या: ५०, ४९, ४८, ५०, ३७, ४९.

तसाच बसून राहिलो थोडा वेळ. उद्यमनगरातल्या त्या सरबताच्या नळ्याच होत्या त्या, फक्त रंग वेगळा.

पाचवा उपाशी होता हे खरं, पण दोष इंजेक्टरचा की डिस्ट्रिब्युटरचा? दुसरा आणि पाचवा इंजेक्टर अदलाबदल केले आणि पुन्हा मोजलं. पाचव्याच नळीला कमी. इंजेक्टर सुटले, डिस्ट्रिब्युटर अडकला. म्हणजे पहिल्यापासून सगळे सांगत होते ते अर्धं बरोबर होतं. पण अर्धंच, आणि त्यांनी ते मोजून सांगितलं नव्हतं.

यावेळी विकत घेताना मी जाहिराती वाचल्या नाहीत, फोन केले. एकच प्रश्न: दुरुस्तीच्या आधीचं आणि नंतरचं, दोन्ही रीडिंग लेखी द्याल का? दोघांनी विषय बदलला. एकानं गॅरंटीचं पत्रक पाठवलं. चौथे गृहस्थ श्वेबिश आल्बच्या डोंगरातल्या एका खेड्यात राहणारे, सत्तरीचे. त्यांनी माझ्या प्रश्नाला उत्तर न देता मलाच विचारायला सुरुवात केली. गाडी किती वर्षं उभी होती? टाकीत कुठलं पेट्रोल? शेवटचे तीन आकडे सांगा. डिस्ट्रिब्युटर बीडाचा की अ‍ॅल्युमिनियमचा? माझा बीडाचा. आणि मग म्हणाले, अदलाबदल मी करत नाही, तुमचाच भाग तुम्हाला परत मिळेल, सहा आठवडे लागतील. रीडिंगचं काय, असं पुन्हा विचारलं तर जरा रागावून म्हणाले, ते नसेल तर मी केलं काय?

पार्सल न करता मी स्वतः घेऊन गेलो. घराच्या मागे गॅरेज, गॅरेजात बेंच, बेंचवर मागून दिवा लावलेल्या काचेच्या नळ्या. वडील कोल्हापूर नावाच्या गावी हेच काम करतात, डिझेलचं, मायकोचं बेंच आहे, असं सांगितलं. मायको म्हटल्यावर ते पटकन म्हणाले, "बंगलोर." बॉशची भारतातली कंपनी त्यांना नावानिशी माहीत होती. त्यानंतर ते मला 'तुम्ही'वरून 'तू'वर घेऊन आले. इथे ही मोठी गोष्ट असते.

माझ्यासमोरच त्यांनी भाग आहे तसा बेंचवर चढवला. पाचवा माझ्या काचेत आला होता तितकाच कमी. मग खोलला. वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या मधे पोलादाचा पातळ पडदा असतो. पाचव्या कप्प्यात तळाशी तांबूस चिखल होता, आणि पडद्याला तिथे खवले. गाडी माझ्याकडे येण्याआधी काही वर्षं उभी होती. पेट्रोलमधलं इथेनॉल पाणी ओढतं, पाणी तळाला बसतं, आणि बीड गंजतं. इथे पेट्रोलात इथेनॉल पाच किंवा दहा टक्के असतं. भारतात आता वीस. कुणाची जुनी गाडी घरी उभी असेल तर टाकीकडे लक्ष ठेवा, एवढंच.

मग त्यांनी प्लंजर बाहेर काढला, भिंगाखाली धरला आणि माझ्याकडे बघितलं. "याला कुणी हात लावला?" कांडीवर एक पिवळट डाग होता. माझ्या अंगठ्याचा. हाताच्या घामानं पोलाद गंज धरतं, हे मला लहानपणापासून माहीत, अण्णा नोझलची सुई कधी बोटानं धरत नाहीत, डिझेलमध्ये बुडवूनच उचलतात. मी कबूल केलं. डाग वरवरचा होता, निघाला. पण त्यांनी ते कागदावर लिहिलं.

सात आठवड्यांनी बोलावलं. रेग्युलेटरही त्यांच्याकडेच दिला होता, ठोकलेली खिळी परत जागेवर आणून तो तक्त्यात बसवला होता. दोन्हीचे मिळून ७६० युरो. स्वस्त नाही. पहिल्या चकचकीत भागाच्या जवळजवळ दुप्पट. पैसे घेण्याआधी त्यांनी एक करून दाखवलं. प्लंजर पेट्रोलमध्ये बुडवून बॅरलमध्ये घातला, जोडी तिरकी धरली, प्लंजर चिमट्यानं एक तृतीयांश बाहेर ओढला आणि सोडला. तो स्वतःच्या वजनानं, न अडखळता, न धावता, खाली सरकत गेला. आवाज नाही. धपकन पडला तर जोडी झिजलेली, अडकला तर घाण. अण्णा हेच नोझलच्या सुईचं करतात. मी शाळेतून आल्यावर माझ्याकडून करून घ्यायचे, हाताला चिमटा द्यायचे आणि म्हणायचे, सोड आता.

भाग बाहेरून मात्र धुतलेलाच, बीडाचा मूळ मातकट रंग. चकाकी वगैरे काही नाही.

बसवायला एक शनिवार गेला. प्रत्येक बँजो बोल्टला दोन तांब्याचे वॉशर, सगळे नवे, कारण जुने दाबून चपटे झालेले असतात आणि नेमके एक्झॉस्टच्या बाजूला गळतात. खालची ओ-रिंग नवी. इंजेक्टर जुने होते म्हणून सहाही नवे टाकले, त्यांची रबरंही. मिश्रणाचा स्क्रू ३ मिलिमीटरच्या लांब ॲलन कीनं फिरतो. किती फिरवायचा म्हणाल तर अगदी केसभर, आणि दर वेळी की बाहेर काढून मगच बघायचं. की आत असताना ॲक्सिलरेटर दिला तर चकती हलताना की वाकते किंवा स्क्रूच बिघडतो. हे मला त्या आजोबांनी दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा दारापर्यंत येऊन.

सुरू झाली. पहिल्या स्टार्टरला नाही, नळ्यांत हवा होती, चौथ्याला. धूर नाही. आयडलिंगला बॉनेटवर दोन युरोचं नाणं उभं करून बघितलं. राहिलं नाही, पण पडायला वेळ लागला. मे महिन्यात तपासणी होती, तिथे धुराच्या नळीत नळी घालून बघणाऱ्या तरुण पोरानं कार्बन मोनॉक्साइडचा आकडा बघून मान हलवली आणि विचारलं, ही टॅक्सी होती का?

संध्याकाळी अण्णांना कॉल लावला. इंजिनचा आवाज ऐकवावा म्हणून फोन बॉनेटखाली धरला. त्यांना आवाजात रस नव्हता.

"क्यामेरा खाली घे. स्क्रू दाखव."

मी फोन डिस्ट्रिब्युटरजवळ नेला. प्रत्येक स्क्रूवर हिरव्या रंगाची बारीक रेघ होती, अर्धी डोक्यावर, अर्धी बॉडीवर. मला ती तोवर दिसलीच नव्हती.

"हिरवा लावतोय व्हय त्यो," अण्णा म्हणाले. मग, "कागद?"

मी कागद कॅमेऱ्यासमोर धरला. त्यांनी चष्मा लावला. जर्मन शब्द त्यांना वाचता येईनात, आकडे येत होते. 'लेअरलाउफ' म्हणजे काय विचारलं, मी म्हटलं आयडलिंग. त्याखालची ओळ पार्ट लोड, शेवटची फुल लोड. दोन रकाने, आधीचा आणि नंतरचा. तळाला बारीक अक्षरात माझ्या अंगठ्याची नोंद, ती मी वाचून दाखवली नाही.

"पाच नंबर किती म्हनतोय आयडलिंगला?"

मी आकडा सांगितला. त्यांनी उरलेले पाच स्वतःच वाचले, पुटपुटत, बोट स्क्रीनवर ठेवून.

"बरं," म्हणाले. "जेवलास का?"